गॅसचा कॉक: बंबापासून पाइपलाइनपर्यंत

हा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि वाचायला आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गॅसच्या शेगडीचा कॉक. तेच ते बटण, जे आपण दिवसातून वीस वेळा फिरवतो आणि ज्याच्याकडे वीस वर्षांत एकदाही नीट बघत नाही. त्याच्या मागे पितळेचा एक छोटा तुकडा असतो, तो फिरला की गॅस सुटतो, परत फिरला की थांबतो. माझा मुद्दा असा आहे की आपल्या घरातल्या आगीचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास एका प्रश्नावर सांगता येतो: आग बंद करायचं काम कुणाचं? माणसाचं की यंत्राचं? आणि माणूस विसरला, झोपला, बेशुद्ध पडला तर काय होतं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिफॉल्ट म्हणतो. कुणी काहीच केलं नाही तर सिस्टीम कुठल्या अवस्थेत जाते, ती अवस्था. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवात अर्थात चुलीपासून. पण चुलीला कॉक नाही, त्यामुळे तिचं फार सांगण्यासारखं नाही. लाकूड मागे ओढलं की आग कमी, पुढे सारलं की जास्त. विसरलात तर लाकूड जळून संपतं आणि आग आपोआप विझते. धूर सोडला तर हे डिफॉल्ट तसं बरं आहे.

नाशिकपुरतं बोलायचं तर मला चुलीपेक्षा बंब जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घर गरम करायची शेगडी कधी नव्हतीच. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली, तरी आपण खोली तापवत नाही, घोंगडी घेतो. गंमत म्हणजे निफाड-पिंपळगावकडे थंडीसाठी रात्री शेकोट्या पेटतात त्या द्राक्षबागेत, घडांना थंडी बाधू नये म्हणून. माणसासाठी आपण तापवतो ते फक्त अंघोळीचं पाणी. त्यामुळे युरोप-अमेरिकेत घरातल्या हीटरची जी गोष्ट आहे, ती आपल्याकडे न्हाणीघरात घडली.

बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी. नळीत खाली जाळी, जाळीवर लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, गोवऱ्यांचे तुकडे. नळीच्या भोवती पाणी. म्हणजे तीच नळी चूल आणि तीच धुराडं. इंजिनिअर म्हणून बघितलं तर डिझाइन फार हुशार आहे: धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी आजही प्रसिद्ध आहेत, आपल्याकडे तांबट आळी आहे, भांडी बाजार आहे. बंबाला तोटी असायची, पण ती पाण्याची. आगीला तोटी नव्हती. आणि बंब बहुतेक घरांत अंगणात, मागच्या पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेर असायचा. ही गोष्ट शेवटाकडे कामाला येणार आहे.

आगीला पहिल्यांदा तोटी लागली ती रॉकेलमुळे. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काजळी न धरणारा, हवेच्या दाबावर चालणारा स्टोव्ह बनवला. त्याचं नाव प्रायमस. आपल्या आजी-पणजींनी जो पितळी पंपाचा स्टोव्ह वापरला, तो याच घराण्यातला. खाली पितळी टाकी, बाजूला पंप, वर बर्नर. आधी बर्नरच्या वाटीत स्पिरिट किंवा काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, वाफ बारीक भोकातून सुटते आणि निळी ज्योत फुत्कारत लागते. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो अजून आठवतो. भोक तुंबलं की पिन मारायची. ‘स्टोव्हला पिन मारणे’ हा वाक्प्रयोग माझ्या पिढीला सांगून समजत नाही, दाखवावा लागतो.

आता यातले व्हॉल्व्ह बघा. एक पंपाच्या तळाशी: स्प्रिंग आणि छोटी रबरी किंवा बुचाची टिकली. हवा आत जाऊ देते, रॉकेल मागे येऊ देत नाही. तो झिजला की पंपाच्या दांड्यातून रॉकेल बाहेर यायचं. मग स्टोव्ह रिपेअरवाल्याकडे नेऊन तो बदलायचा, सोबत पंपाचा चामड्याचा वायसरही. दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे टाकीवरचा स्क्रू. तो सैल केला की हवा सुटते, दाब उतरतो, स्टोव्ह विझतो. म्हणजे स्टोव्ह बंद करायचा तर माणसाने जाऊन स्क्रू सैल करायचा. नाही केला तर टाकीतला दाब किंवा रॉकेल संपेपर्यंत तो चालूच राहणार. डिफॉल्ट चालू. आणि आग लागून जवळ जाता येत नसेल तर बंद करायचा मार्गच नाही, कारण स्क्रू आगीच्या चार बोटं खाली.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग नुसता यंत्राचा नाही.

एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांतली मराठी वर्तमानपत्रं चाळली तर एक मथळा पुन्हा पुन्हा दिसतो: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. स्टोव्हचे अपघात खरे होते. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, नायलॉनची साडी, रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असणं, व्हॉल्व्ह गळणं, ही सगळी खरी कारणं. पण स्त्री चळवळीतल्या बायकांनी एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: भडका उडतो तेव्हा दरवेळी सूनच कशी जवळ असते? सासू, नणंद, नवरा कधीच कसे नसतात? त्याच घरात, त्याच स्टोव्हवर सगळ्यांचा चहा होतो ना? दिल्लीत १९७९ साली सत्यराणी चढ्ढा यांची मुलगी सासरी जळून गेली आणि त्यांनी पुढची कित्येक दशकं कोर्टात आणि रस्त्यावर लढा दिला. देशभर अशा आया होत्या. त्यातून १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ आलं आणि १९८६ मध्ये ३०४-ब. दुसऱ्या कलमाने लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर त्याला हुंडाबळी मानलं.

मी हे व्हॉल्व्हच्या भागात का सांगतोय? कारण ज्या यंत्राचा डिफॉल्ट ‘चालू’ असतो, त्याच्यावर दोष ढकलणं फार सोपं असतं. स्टोव्ह बिचारा काय बोलणार. माझं मत विचाराल तर ‘स्टोव्हचा भडका’ हे आपल्या भाषेतलं सगळ्यात अप्रामाणिक शब्दप्रयोगांपैकी एक आहे. कर्ता बघा ना: भडका. तो आपणच उडाला म्हणे.

रॉकेलचं दुसरं प्रकरण अगदी आपल्या जिल्ह्यातलं आहे, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना ते माहीत नसतं, हे मी पाहिलंय. रेशनचं रॉकेल निळं असायचं, मुद्दाम रंग टाकलेलं, गरिबांच्या स्टोव्हसाठी स्वस्त. डिझेल त्याच्या तिपटीच्या आसपास महाग. दोन्ही एकमेकांत सहज मिसळतात. म्हणजे ज्याच्या हातात रेशनचं रॉकेल, त्याच्या हातात पैसा छापायचं यंत्र. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथून टँकर निघतात. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या भागातून जात होते. ढाब्याजवळ त्यांना भेसळीचा प्रकार दिसला. ते थांबले, जाब विचारला. भर दिवसा त्यांच्या अंगावर इंधन ओतून त्यांना जिवंत जाळलं. दोन दिवसांनी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला. पुढे बरेच छापे पडले, अटका झाल्या.

हा माणूस एका अर्थाने व्हॉल्व्ह होता. सिस्टीममध्ये गळती दिसली की बंद करायची, हे त्याचं काम. त्या रस्त्याने जाताना मला अजूनही ते आठवतं.

आणि हे लक्षात घ्या की भेसळीचं टोक स्वयंपाकघरातही निघायचं. डिझेलमध्ये रॉकेल गेलं की गाडीचं इंजिन खराब होतं, पण रॉकेलमध्ये पेट्रोलचा अंश आला तर पंपाच्या स्टोव्हची टाकी धोकादायक होते, कारण पेट्रोलची वाफ फार लवकर होते. त्यावर कुठलाही वायसर पुरा पडत नाही.

ज्यांना पंपाची भीती वाटायची ते वातीचा स्टोव्ह घ्यायचे. इंडियन ऑइलने सत्तरच्या दशकात ‘नूतन’ नावाचा वातीचा स्टोव्ह काढला, कमी रॉकेलमध्ये जास्त उष्णता म्हणून. तो मंद, शांत आणि कळकट. त्याच्याबद्दल एवढंच.

आता गॅस. मुंबईला गॅस फार आधी आला. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि दिवे पेटवणाऱ्या माणसांच्या मागून लोकांची गर्दी चालायची असं गॅझेटियरमध्ये वर्णन आहे. तो कोळशापासून बनवलेला गॅस होता, नळांतून फिरवलेला. त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, म्हणजे न जळता गळला तरी विषारी. नाशिकपर्यंत तो नळ आला नाही. आपल्याकडे गॅस आला तो लाल टाकीत, द्रवरूप होऊन. ट्रॉम्बेला रिफायनरी सुरू झाल्यावर बर्मा-शेलने १९५५ मध्ये ‘बर्शेन’ नावाने सिलिंडर विकायला सुरुवात केली. बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारने घेतली, ती आजची भारत पेट्रोलियम. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ चा, कलकत्त्याचा.

आणि मग तो प्रसिद्ध काळ: नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. खासदारांकडे गॅस कनेक्शनची कुपनं असायची आणि त्यासाठी लोक त्यांच्या घरी खेटे घालायचे. आजच्या भाषेत इन्व्हाइट कोड. आमच्या घरातलं कनेक्शन त्याच काळातलं आहे, आजीच्या नावावर, आणि त्याचा कागद आजीने दागिन्यांबरोबर ठेवलेला होता.

त्या कनेक्शनबरोबर घेतलेली दोन बर्नरची शेगडी आमच्याकडे अजून चालू आहे. मागच्या दिवाळीआधी तिचं डावं बटण इतकं जड झालं की आई पकड लावून फिरवायची. घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, नवीन काचेची घेऊ. आई म्हणाली, ही ओतीव बिडाची जाळी आता मिळत नाही. शेवटी पंचवटीतून एक शेगडी रिपेअर करणारे काका आले. पांढरी मिशी, कापडी पिशवी, पिशवीत चार पाने आणि ग्रीसची डबी. मी मोबाइलचा टॉर्च धरून बाजूला बसलो.

त्यांनी आधी रेग्युलेटर बंद करून टाकीवरून काढला. मग बटण ओढून काढलं, दोन स्क्रू सोडवले, आणि आतून एक निमुळता पितळी खुंटा बाहेर आला, गाजराच्या टोकासारखा. त्याला आडवं भोक. हाच कॉक. खुंटा ज्या घरात बसतो तेही तेवढंच निमुळतं, दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेली. मधे ग्रीसचा पातळ थर. भोक नळीच्या रेषेत आलं की गॅस सुटतो, पाव वळसा फिरलं की बंद. अर्धवट ठेवलं की मंद आच. रबर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. चाळीस वर्षं या पितळाच्या दोन तुकड्यांनी आमचं घर सांभाळलं.

‘‘ह्याच्यात गोडंतेल कुणी घातलं?’’ काकांनी विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. मी सिंककडे बघत होतो, आई छताकडे.

गोडंतेल उष्णतेने चिकट होतं, लाखेसारखं जमतं. मग बटण अडकतं, माणूस जोर लावतो, जोराने पितळावर चरे उठतात, आणि चऱ्यांतून गॅस गळतो. आमच्या खुंट्यावर असाच एक लांब चरा होता, नखाला लागत होता. काका म्हणाले, ‘‘ग्रीस लावून देतो म्हणालो तर देईन, ताई. पण सहा महिन्यांनी ग्रीस वाळलं की वास यायला लागेल. कॉक बदला.’’ त्यांनी पिशवीतून नवा पितळी कॉक काढला, जुना जेट साफ करून त्याला बसवला, चुड्या घट्ट केल्या. मग साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्यावर लावलं आणि गॅस सोडून दोन मिनिटं नुसतं बघत बसले. बुडबुडा आला नाही. काडी लावून गळती तपासणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरी चहा घ्यायचं मी टाळतो.

आता परत डिफॉल्टकडे. हा शेगडीचा कॉक जिथे ठेवाल तिथे राहतो. चालू ठेवला तर चालू. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर त्याला काही कळत नाही, गॅस सुटत राहतो. याउलट टाकीच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो, तो स्प्रिंगने कायम बंद असतो. रेग्युलेटर बसवून त्याचं बटण फिरवलं तरच आतली दांडी खाली जाऊन व्हॉल्व्हची पिन दाबते. रेग्युलेटर काढला की बंद. डिफॉल्ट बंद. म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करा असं आई ओरडते, त्यात पूर्ण तथ्य आहे: ती आपली सिस्टीम एका वाईट डिफॉल्टवरून चांगल्या डिफॉल्टवर नेत असते. टाकीत दाब वातावरणाच्या कित्येक पट, आणि रेग्युलेटर तो इतका उतरवतो की शेगडीला मिळतो जेमतेम तीस सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा. नवीन टाकी लावताना वास आला तर बहुतेक वेळा टाकीच्या तोंडातली छोटी रबरी रिंग गेलेली असते. ती डिलिव्हरीवाल्याकडे असते, मागून घ्या.

तो वासही मुद्दाम घातलेला. गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला गळलेल्या गॅसचा स्फोट झाला, जवळपास तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. कुणालाच गळती कळली नव्हती. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या टाकीतला तो कुजक्या कोबीसारखा वास मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

विझलेल्या ज्योतीवरचा उपाय मात्र जगात कधीच निघालेला आहे. १८२१ मध्ये सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की दोन वेगळे धातू जोडून सांधा तापवला की वीज निर्माण होते. ही वीज किरकोळ, काही मिलिव्होल्ट. पण एवढ्या विजेवर एक छोटा चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवू शकतो. सांध्याचं टोक ज्योतीत ठेवायचं. ज्योत विझली, टोक थंड झालं, वीज गेली, चुंबक सुटला, स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. थंड देशांतल्या जुन्या गॅस हीटरमध्ये हाच व्हॉल्व्ह असतो आणि तिकडे राहणारे माझे मित्र दर हिवाळ्यात त्याच्याच तक्रारी करतात. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत तो नसतो. परवडत नाही असं नाही, आपण मागत नाही. काचेवर फुलांची नक्षी मागतो.

आता नाशिकमधला सध्याचा बदल. पिवळे पाइप टाकायला खोदलेले रस्ते तुम्ही पाहिले असतील, त्यात पडलाही असाल. महाराष्ट्र नॅचरल गॅस घरोघरी पाइपचा गॅस देतेय. हा गॅस वेगळा आहे, मुख्यतः मिथेन. टाकीतला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, वर जातो, म्हणून वरची खिडकी उघडी हवी. आणि मिथेनमध्ये तेवढ्याच आकारमानाला उष्णता निम्म्याहूनही कमी, शिवाय पाइपमधला दाबही थोडा कमी. मग तीच शेगडी तेवढीच आच कशी देणार? जेटचं भोक मोठं करून. मी हिशोब करून बघितला: भोकाचं क्षेत्रफळ साधारण दुप्पट लागतं, म्हणजे व्यास १.४ पट. कनेक्शन द्यायला येणारा माणूस नेमकं हेच करतो, जेट बदलतो किंवा बारीक ड्रिलने मोठं करतो. त्यामुळे पाइपच्या गॅसला केलेली शेगडी गावाला नेऊन टाकीला जोडू नका. पिवळी, काजळी धरणारी, हातभर ज्योत निघेल.

ब्रिटनने हा प्रकार अख्ख्या देशात केला होता. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं गल्लोगल्ली माणसं फिरली आणि सुमारे ४ कोटी उपकरणांचे जेट-बर्नर बदलले. घरोघर जाऊन, हाताने. आमच्याकडे एवढं मोठं मायग्रेशन रिमोटली करतानाही लोकांना घाम फुटतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी ठेवलं होतं: बाथरूममधला गॅस गिझर. बंबाची जागा यानेच घेतली. कल्पना जुनी आहे, लंडनच्या बेंजामिन मॉनने १८६८ मध्ये पहिला गॅस गिझर केला. आपल्याकडच्या छोट्या गिझरमध्ये दोन मोठे सेल असतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो दांडी ढकलतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. नळ बंद केला की सगळं बंद. ज्योत लागली नाही तरी बंद. डिफॉल्ट एकदम चोख. मग दर हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडून बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या का येतात?

कारण हा व्हॉल्व्ह फक्त एकच प्रश्न विचारतो: ज्योत आहे का? ज्योत असते. छान पेटलेली असते. पण दार बंद, खिडकी थंडीमुळे बंद, एग्झॉस्ट फॅन बंद. ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन खाते, धूर खोलीतच सोडते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. त्याला वास नाही. मरकॅप्टनही जळून गेलेला असतो. डोकं जड होतं, पाय गळतात, आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. गॅस गळलेला नसतोच, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही.

हवा आहे का, हे विचारणारा व्हॉल्व्हही आहे. त्यात ज्योत अशी बेतलेली असते की ऑक्सिजन थोडा जरी उतरला तरी ती बर्नरवरून उचलली जाते, थर्मोकपलच्या टोकापासून दूर जाते, टोक थंड होतं आणि गॅस बंद. सीबेकचीच युक्ती, एक पायरी पुढे. बाहेरच्या देशांत धुराडं नसलेल्या हीटरमध्ये ती बसवतात. आपल्या स्वस्त गिझरमध्ये फार तर वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर असतो, आणि छोट्या बाथरूममध्ये वीस मिनिटं खूप झाली.

आमच्याकडे बाथरूममध्ये असाच जुना गिझर होता, बारा वर्षांचा. पडदा फाटून पाणी गळायला लागलं म्हणून मी पडदा मागवला. कॉक बदलायला आलेले तेच काका म्हणाले, ‘‘पडदा बदलून देतो, पण आतमध्ये परत लावणार नाही. बाहेर लावायचा असेल तर सांगा.’’ बाबांनी खूप समजावलं, पाइप वाढेल, भिंत फोडावी लागेल. काका पिशवी आवरायला लागले. मग गिझर मागच्या बाल्कनीत गेला, पूर्वी आजीचा बंब असायचा साधारण त्याच जागी, आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा भिंतीतून आत आला. पाणी यायला आता अर्धा मिनिट जास्त लागतं. एवढ्या वेळात बाबा रोज एक टोमणा मारतात.

तुमच्याकडे गिझर बाथरूमच्या आत असेल तर या रविवारी तेवढं एक काम काढा. तोपर्यंत आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, आणि मगच आत जाऊन कडी लावा. होस्टेलवर, पीजीमध्ये राहणाऱ्यांनी हे खास ऐका, कारण तिथे खिडकीवर बहुतेक वेळा पुठ्ठा लावलेला असतो.

पुढच्या भागात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. कुणाच्या माळ्यावर असेल तर फोटो पाठवा, काचेवरचं नाव दिसेल असा.